हारामागचा चेहरा

माणूस गेला की घरच्यांचं रडणं ओसरायच्या आत कुणीतरी माझ्या दुकानाची पायरी चढतं. हातात फोटो असतो. पाकिटातला, चुरगळलेला, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेला. मागणी एकच: "ताई, गंधमुक्तीच्या आधी पाहिजे." आमच्या खानदेशात सुतक फिटायच्या त्या दिवशी सगळे सगेसोयरे जमतात, पाटावर फोटो ठेवतात, हार घालतात. फोटो नसला तर घरच्यांना तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून जळगावच्या बाजारात सोन्याची दुकानं एखाद्या दिवशी ओस पडतील, पण माझं फ्रेमचं दुकान कधी पडलं नाही.

दुकान सासऱ्यांनी काढलं, चालवलं मी. आमचे हे गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकाशी राजकारण बोलतात. पट्टी कापायची म्हटलं की यांचा हात थरथरतो. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. चारही पट्ट्यांची टोकं तिरकी कापावी लागतात, कोपरा जुळला पाहिजे, फट दिसता कामा नये. त्यातही रिवाज आहेत. देवाला सोनेरी पट्टी, नवरानवरीला नक्षीची, आणि गेलेल्या माणसाला काळी नाहीतर तपकिरी, वर दोन्ही कोपऱ्यांना हाराचे हूक. जिवंत माणसाच्या फ्रेमला हूक लावायचा नाही म्हणजे नाही. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण लावून बघा, गिऱ्हाईक फ्रेम डोक्यात घालेल.

एकदा एरंडोलचे एक नाना आले. धोतर, टोपी, हातात स्वतःचाच फोटो. म्हणाले, "हूक लाव." मी म्हटलं, "नाना, शुभ बोला, तुम्ही तर ठणठणीत आहात." तर म्हणाले, "म्हणून तर आलो. पोरं कंजूष आहेत, प्लास्टिकची पट्टी लावतील. मला सागवानी पाहिजे." मी हात लावायला तयार नाही, नाना उठायला तयार नाहीत. शेवटी त्यांनीच स्क्रू फिरवले, येताना आणलेला झेंडूचा हार त्यावर चढवून पाहिला आणि "शोभतो" म्हणाले. नाना त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, आणि दर खेपेला बाजारात आले की मला चिडवून जायचे. तेव्हा मी खूप हसले होते. आता त्या हसण्याचं मला काय वाटतं, ते पुढे कळेलच.

खरी अडचण बायकांची असायची. पुरुषाचा एखादा तरी फोटो कुठेतरी सापडतो. पण त्या काळच्या म्हाताऱ्या! आयुष्यभर चुलीपुढे नाहीतर वावरात. कॅमेरा समोर आला की पदर तोंडावर. मेल्यावर लेकरं माझ्यापुढे रिकाम्या हाताने उभी राहायची. "ताई, मायचा फोटोच नाही हो." आता मी काय करू? मी फ्रेमवाली, फोटोवर चौकट बसवते. फोटोच नाही तर चौकट कशाला बसवू?

अशाच एका दिवशी इंदूताई दुकानात आल्या. पुढे ज्यांच्या चित्रांसाठी दिल्ली-मुंबईचे लोक रांगा लावायला लागले, त्याच त्या चित्रकार इंदूताई. तेव्हा त्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं. धुळ्याला चित्रकला शिकलेल्या, जळगावातच मेहरूणला एका खोलीत राहणाऱ्या, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या. केसांना रंग लागलेला, पायात दोन वेगळ्या चपला. चित्राला फ्रेम करून घ्यायला आल्या होत्या, आणि बाकावर चाळीसगावचे मोतीशेठ डोळे पुसत बसले होते. शेठची आई गेली होती. जुनं मारवाडी घर, जन्मभर घुंघट. फोटो नव्हताच. इंदूताईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मी काढून देते. तुम्ही फक्त सांगा, कशा होत्या."

तिथून सुरू झालं. दुकानाच्या मागच्या बाजूला खिडकीपाशी माझं पट्ट्या कापायचं टेबल. इंदूताई तिथेच बसायच्या. घरचे लोक बाकावर बसून सांगायचे आणि या काढायच्या. मला म्हणायच्या, "तू हलू नकोस गं, तू काम करत असलीस की माझा हात चालतो." मला काय, मी मान खाली घालून करवत चालवायची.

लोक काय सांगायचे ते ऐकण्यासारखं होतं. "कशी होती आई?" "देवमाणूस होती." "अहो पण नाक कसं होतं?" "कष्टाळू होती फार." लेकी सांगायच्या हाताच्या चवीचं, सुना सांगायच्या जिभेच्या धारेचं. नाकाडोळ्याचं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. पण दागिन्यांचं विचारा! मोतीशेठनी आईची नथ तिजोरीतून काढून आणली आणि चित्राशेजारी धरून एकेक मोती ताडून पाहिला. एक मोती मोठा झाला म्हणून इंदूताईंकडून तो लहान करून घेतला. मग म्हणाले, "आता हुबेहूब आमच्या माँसा!" मी बघतच राहिले. त्यांनी तोंडाकडे पाहिलंही नव्हतं.

सगळ्यांचं तसंच. कुणी लुगड्याचे काठ तपासायचं, कुणी कपाळावरचं गोंदण. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एक बनाबाई राहायच्या, त्यांनी तर हनुवटीवरच्या गोंदणाचे ठिपके इंदूताईंच्या हातावर कोळशाने काढून दाखवले होते. ठिपके जुळले आणि बाई चित्राला मिठी मारून रडल्या. बनाबाईंची आई त्या अगदी लहान असताना गेलेली. मोठेपणी चार पैसे गाठीला बांधून त्यांनी हे चित्र करवून घेतलं होतं. मी काळी पट्टी लावली, हूक लावले. असे किती चेहरे खानदेशभर गेले, मी मोजले नाहीत.

त्यातलंच एक माझ्या घरी आलं.

माझी आई मी रांगत होते तेव्हा गेली. फोटो नाही, आठवण नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि त्या घरात आईचं नाव निघेनासं झालं. मग माझं माहेर ते कसलं! आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, मी दुकान उघडं ठेवायची. हे एकदा मी बोलता बोलता इंदूताईंना सांगितलं. काही दिवसांनी त्यांनी कागदात गुंडाळलेलं एक चित्र हातात ठेवलं. तिशीतली बाई, डोक्यावरून पदर, ठसठशीत कुंकू. म्हणाल्या, "ही तुझी आई. राहू दे घरी."

मी वेड्यासारखी रडले. तरी मनात पाल चुकचुकली, यांनी तिला कुठे पाहिली? म्हणून पारोळ्याहून सख्खी मावशी आली तेव्हा काही न सांगता चित्र पुढे ठेवलं. मावशीने पदर तोंडात कोंबला. "अगं, ही तर आमची मंजू! बठ्ठी तीच शे!" झालं. सख्ख्या बहिणीला सगळी तीच दिसली, माझी खात्री पटली. त्या दिवसापासून रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मी त्या चित्राशी बोलत आले. मुलाचा निकाल, यांचं ऑपरेशन, नणंदेची कटकट, सगळं तिला सांगितलेलं आहे. कुणी घरी आलं की म्हणायचं, "सुमनताई, तुम्ही अगदी आईवर गेलात." मला त्या वाक्याचा फार अभिमान होता.

पुढे इंदूताई मुंबईला गेल्या आणि मोठ्या झाल्या. मोठ्या म्हणजे किती, तर वर्तमानपत्रातलं त्यांचं चित्र लोक कापून माझ्याकडे फ्रेमला आणायचे. त्यांच्या सगळ्या चित्रांत बायका पाठमोऱ्या असतात. केळीच्या बागेत वाकलेल्या, विहिरीवर उभ्या, बसची वाट बघणाऱ्या. चेहरा एकीचाही नाही. त्यावर विद्वानांनी रकाने भरभरून लिहिलं. स्त्रीची ओळख हरवली, समाजाने पाठ फिरवली, काय न काय. मी एकदा फोनवर विचारलं, "ताई, तुम्ही तर किती चेहरे काढलेत माझ्या दुकानात, आता का काढत नाही?" त्या म्हणाल्या, "काढून झाले गं." मी विषय सोडून दिला.

म्हातारपणी त्या परत मेहरूणला तलावाजवळ राहायला आल्या. हात कापायला लागला होता, चित्रं थांबली होती. मुंबईच्या रेवा नावाच्या एक बाई त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन जळगावात भरवायला आल्या. रेवाबाई हुशार, पण भारी उत्साही. त्यांना कुठूनतरी कळलं की इंदूताईंनी सुरुवातीला गेलेल्या बायकांची चित्रं काढली होती. त्या माझ्याकडे धावत आल्या. "सुमनताई, ती चित्रं मिळवून द्या ना! जगाने इंदूताईंनी काढलेला चेहराच पाहिलेला नाही." इंदूताईंना विचारलं तर त्या ताडकन "नको" म्हणाल्या. मला वाटलं, सुरुवातीचं काम, लाज वाटत असेल. मीच समजूत घातली. म्हटलं, "ताई, लोकांना कळू द्या की तुम्ही आमच्या मायांना चेहरा दिलात." त्यांनी माझ्याकडे विचित्र पाहिलं, आणि मान वळवली.

मी तोच होकार धरला आणि निरोप धाडले. आता घरातल्या मायचा फोटो कुणी असा टेम्पोत टाकून देतं होय? लोक स्वतः घेऊन आले. एसटीत मांडीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळून. चाळीसगावहून मोतीशेठचा मुलगा गाडीने आला, मोतीशेठ आता नाहीत. बनाबाई नातवाला घेऊन शिरपूरहून आल्या. रेवाबाईंनी एका लांब भिंतीवर ओळीने खिळे मारून ठेवले होते. ज्याने त्याने आपापली माय टांगली, हार घातला, कुणी उदबत्ती लावली. रेवाबाई धुराकडे बघून हवालदिल झाल्या, पण बोलणार कोण?

मग सगळे चार पावलं मागे सरले.

एकेकटी, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या घरांत टांगलेली ती चित्रं आयुष्यात पहिल्यांदा शेजारी शेजारी आली होती. कुणाच्या नाकात नथ, कुणाच्या हनुवटीवर गोंदण, कुणाचे केस पांढरे, कुणाचे काळेपांढरे. आणि हारांच्या आतून सगळ्या भिंतीवरून एकच बाई बघत होती. तेच जाड भुवईचं टोक. तोच वरचा ओठ, एका बाजूला जरा चढलेला. या साऱ्या फ्रेमा मी माझ्या हाताने केल्या, काच पुसली, मला कसं दिसलं नाही?

कुणीतरी ओरडलं, "आमच्या आजीची नक्कल केली सगळ्यांनी!" दुसरा म्हणाला, "नक्कल तुमची, आमचं चित्र आधीचं." आवाज चढायला लागले. तेवढ्यात बनाबाई भिंतीपासून वळल्या. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्या जागच्या जागी थिजल्या. हात वर करून त्यांनी मला बोट दाखवलं.

"ओ माय! ही बाई तं आठे जित्ती उभी शे!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग भिंतीकडे. मग परत माझ्याकडे. मला पहिल्यांदा कळेचना. आमचे हे शेजारी उभे होते, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बारीक आवाजात म्हणाले, "सुमन, ती सगळी तू आहेस."

इंदूताईंनी तेव्हा तिशीतल्या मला म्हातारी करून काढलं होतं, आणि आता मी त्या वयाला येऊन पोचले होते. माझ्या डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा त्यांनी आधीच काढून ठेवलेल्या. इतकी वर्षं खानदेशातल्या घराघरांत लोक माझ्या पाया पडत होते. दर पितरपाटात मला हार घालत होते. जिवंतपणी! हूक मीच लावलेले! मला एरंडोलचे नाना आठवले, आणि भडभडून आलं. हसू की रडू तेच कळेना.

रेवाबाई तेवढ्या आनंदाने लाल झाल्या होत्या. "केवढी मोठी गोष्ट आहे ही! हा कन्सेप्ट..." मी म्हटलं, "बाई, तुमचा कन्सेप्ट घाला चुलीत." एका घरातला मुलगा तावातावाने म्हणत होता, "म्हणजे आम्ही एका फ्रेमवालीला नैवेद्य दाखवला?" मोतीशेठच्या मुलाने चित्र उतरवलं, बराच वेळ पाहिलं आणि काखेत मारलं. "नथ तर आमचीच आहे ना," म्हणाला आणि निघून गेला. बाकीचेही एकेक करून फ्रेमा उतरवायला लागले. माझ्याकडे कुणी बघेना.

इंदूताई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. आयुष्यात त्यांना कधी उलट बोलले नव्हते.

"ताई, हे काय केलंत?"

"काय करणार होते?" त्या म्हणाल्या. "कुणालाच आईचा चेहरा सांगता येत नव्हता, सुमन. एकालाही नाही. नथ सांगायचे, काठ सांगायचे. मधे सगळं कोरं. कोऱ्या कागदाला डोळे कुठून आणू? समोर तू होतीस. मान खाली घालून काम करणारी. ज्या बायका ते सांगत होते, त्याही तशाच असणार असं वाटलं. एक काढलं, लोक रडले, पाया पडले. मग दुसरं. थांबताच येईना. तुझ्या दुकानातून उठले त्या दिवशी ठरवलं, आता कुणाचं तोंड काढायचं नाही."

विद्वानांच्या रकान्यांचं उत्तर ते एवढंच होतं. पण मला त्या रकान्यांशी काय करायचंय? माझा एकच प्रश्न उरला होता. तो विचारायची छाती होत नव्हती.

"आणि माझी आई?"

त्यांनी खाली पाहिलं. "तूच आहेस ती. पदर तेवढा जुन्या पद्धतीचा काढला."

मी तिथून कशी निघाले, आठवत नाही. घरी आले. चित्र होतं तिथेच होतं. रोज जिच्याशी बोलत आले ती मीच? माझं सुखदुःख मी माझ्याच तोंडाला सांगत होते? आणि मावशी? "आमची मंजू, बठ्ठी तीच शे" म्हणाली होती ती. मी खरंच आईसारखी होते म्हणून म्हणाली, की पोर रडू नये म्हणून म्हणाली? मावशी जाऊन वर्षं झाली. विचारू कुणाला? आई एकदा गेली तेव्हा मला कळायचं वय नव्हतं. या वेळी ती गेली ते मला सगळं कळलं. यांनी चहा केला, तो तसाच गार झाला. मग हे हळूच म्हणाले, "मी रोज बघतो तुला, मला कसं ओळखू आलं नाही?" मी म्हटलं, "तुम्ही कधी बघितलंत?"

इंदूताईंकडे मी बरेच महिने गेले नाही. पेपरात काय काय छापून आलं, ते वाचलं नाही. दुकानात बायका मुद्दाम माझं तोंड बघायला यायच्या, त्यांना मी फटकारून लावलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी बनाबाईंचा नातू मोटारसायकलवर दुकानात आला. म्हणाला, "आजीने बोलावलंय. उद्या जेवायला. नाही म्हणू नका, ती आठवड्यापासून एकच धरून बसली आहे." मी नाही म्हणणारच होते. हे म्हणाले, "जा." पहिल्यांदा आखाजीला मी दुकान बंद ठेवलं.

गाव सातपुड्याला टेकलेलं, कौलारू घर. बनाबाईंना भाऊ नव्हता, म्हणून लग्नानंतरही त्या आईच्याच घरात राहिलेल्या. उंबऱ्यातच त्यांनी मला थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळून कडाकडा बोटं मोडली. पंच्याहत्तरीची बाई, मी बासष्टची. "उनी का माय," म्हणाल्या. आत भिंतीवर चित्र होतं. हार नव्हता. हाराचे हूकसुद्धा पक्कडीने उपटून काढलेले, लाकडात दोन भोकं उरलेली. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "जिता माणूसले हार नको."

"बनाबाई, ती तुमची आई नाही हो," मी म्हटलं. मला ते बोललंच पाहिजे असं वाटत होतं.

"माले माहीत शे," त्या शांतपणे म्हणाल्या. "माले तिन्हं तोंड कधीच याद नव्हतं. पण इतला वरीस मी जिले माय म्हणी हाक मारी, ती तूच ना?"

दुपारी चुलीतले निखारे बाहेर काढले. आखाजीला आमच्याकडे आगारी टाकतात. पितरांचं एकेक नाव घ्यायचं आणि पुरणपोळीचा, आमरसाचा घास विस्तवावर सोडायचा. हे काम पुरुषाचं, पण या घरात बनाबाईच करत आलेल्या. त्यांनी आज्याचं नाव घेतलं, घास सोडला. बापाचं घेतलं, घास सोडला. मग आईचं नाव घेतलं. हात विस्तवावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो घास माझ्या ताटात ठेवला.

"जेव, माय."

मी घास हातात घेतला. तोंडाशी नेला आणि थांबले. मग तो मधोमध मोडला. अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा विस्तवापुढे धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्या तरी घरात, मोठ्याने म्हटलं, "मंजू."